प्रेशर वॉशरनं गाडी धुताय? आधी हिशेब, मग पाणी

घरी प्रेशर वॉशर घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी गाडी उभी करता त्या जागी जाऊन तीन गोष्टी बघा. दहा मीटरच्या आत १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट आहे का? टाकीचं किंवा बॅरलचं पाणी तिथवर येतं का? धुतलेलं पाणी शेजाऱ्याच्या दारात न जाता गटाराला लागतं का? यातलं एक जरी जमत नसेल तर मशीन माळ्यावर पडून राहणार. फ्लॅट आहे, गाडी एकच आहे आणि महिन्यातून एकदाच धुता, तर मशीनचा भाग सोडा आणि थेट खाली वॉशिंग सेंटरच्या भागावर जा. घरापुढं अंगण आहे, एक कार, दोन दुचाकी आणि शिवाय ट्रॅक्टर किंवा पिकअप आहे, तर मात्र मशीन परवडतं.

आकडे मांडू. हे बाजारातले साधारण भाव आहेत. दुकान, सण आणि ऑनलाइन सेलनुसार हजार-पाचशेचा फरक पडतो.

१,४०० ते १,८०० वॅटचं घरगुती मशीन साधारण ६,००० ते १०,००० रुपयांना येतं. बॉश, कार्चर या जुन्या नावांबरोबर स्टारक्यू, अगारो, आयबेल, जेपीटी अशी बरीच नावं दिसतील. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१२० बार’, ‘१५० बार’, कधी ‘२०० बार’ लिहिलेलं असतं. तो कमाल दाब असतो. प्रत्यक्ष काम करताना दाब त्याहून बराच कमी राहतो, आणि कारला ८० ते १०० बार पुष्कळ झाले. जास्त बारसाठी जास्त पैसे मोजलेत तर रंग उडवायची सोयच विकत घेतली असं समजा. बार सोडून तीन गोष्टी वाचा: मिनिटाला किती लिटर पाणी (साडेपाच ते साडेसहा लिटर ठीक), पाईप किती मीटरचा (पाचचा असेल तर कारभोवती मशीन ओढत फिरावं लागतं, आठचा घ्या) आणि ‘ऑटो स्टॉप’ आहे का. गनचा ट्रिगर सोडला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी. ती सोय नसली तर ट्रिगर सोडूनही मोटर चालू राहते, आतलं पाणी तापतं आणि सील जातात.

मोटरचा प्रकारही विचारा. स्वस्तातल्या मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते. हलकी, पण मिक्सरसारखी ओरडते. ब्रश झिजतात आणि वॉरंटीत सहसा धरत नाहीत. इंडक्शन मोटरचं मशीन जड, महाग, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. आठवड्याला तीन-चार वाहनं धुणार असाल तरच तो जादा पैसा घाला.

खोक्याबाहेरचा खर्च कोणी सांगत नाही

मशीन ७,५०० ला मिळालं म्हणून खूश होऊ नका. खोकं उघडलं की आत पाण्याच्या बाजूला लावायचं प्लॅस्टिकचं कपलिंग दिसेल. ते आपल्या नळाला बसतंच असं नाही. मग अर्धा इंची ॲडॉप्टर, क्लॅम्प, दाबून चपटा न होणारा जाड पाईप आणि पाण्याच्या तोंडाशी लावायचा गाळणीचा फिल्टर, असे मिळून ५०० ते ८०० रुपये. फिल्टर टाळू नका. बोअरच्या पाण्यातून आलेला वाळूचा कण पंपात गेला की दुरुस्तीत त्याच्या दहापट जातात.

एक्स्टेंशन बोर्ड घरातला, टीव्ही-चार्जरचा, अजिबात वापरायचा नाही. १,८०० वॅटचं मशीन आठेक अँपिअर ओढतं. दहा मीटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची वायर, १६ अँपिअरचा प्लग आणि सॉकेट असं वायरमनकडून बनवून घ्या, १,२०० ते १,६०० रुपये. रीळवर गुंडाळलेली वायर असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून चालवली की ती तापते.

त्यानंतरचा खर्च लोक हमखास टाळतात, आणि तोच सगळ्यात गरजेचा आहे: त्या सॉकेटच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. बरेच वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. बसवण्यासकट दोन ते अडीच हजार. ओल्या फरशीवर, ओल्या हातानं, विजेचं यंत्र धरून उभं राहायचं आहे. वायरचं इन्सुलेशन कुठं खरचटलं असेल तर साध्या एमसीबीनं तुमचा जीव वाचणार नाही. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. बसवल्यावर त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खटकन पडायला हवा. पडला नाही तर तो शोभेचाच आहे. जुन्या वाड्यात किंवा वीस-पंचवीस वर्षांच्या बंगल्यात अर्थिंगही तपासून घ्या. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, आणि मागं तिसरी वायर जोडलेलीच नसते.

फोमची बाटली बऱ्याच मशीनबरोबर येते; ती ठीकठाक असते. शाम्पू, दोन मायक्रोफायबर कापडं, धुण्याचा हातमोजा धरा ६०० रुपये. एकूण बेरीज १२,००० च्या आसपास जाते.

आता समोर ठेवा वॉशिंग सेंटरचे एका वेळचे ४०० रुपये. घरी एका धुण्याला शाम्पू आणि वीज मिळून तीस रुपयांच्या आत खर्च येतो. वीस मिनिटं मशीन चाललं तर अर्धा युनिट, म्हणजे पाच-सहा रुपये. म्हणजे दर वेळी ३७० रुपये वाचले. १२,००० वसूल व्हायला ३२-३३ वेळा गाडी धुवावी लागेल. महिन्याला दोनदा धुतलीत तर सोळा महिने, एकदाच धुतलीत तर पावणेतीन वर्षं. वॉरंटी बहुधा सहा महिने किंवा एक वर्ष. पुढचं तुम्ही ठरवा.

एक शॉर्टकट काही जणांना सुचतो: शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या शंभर-शंभर रुपये घेऊन धुवायच्या आणि मशीन लवकर वसूल करायचं. घरगुती मीटरवर धंदा केला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली महावितरण लागू दराच्या दुप्पट आकारणी करू शकतं. शिवाय घरगुती मशीनची वॉरंटी व्यावसायिक वापर दिसला की संपते.

पाणी कुठून घ्यायचं

सातारा असो वा सांगली, नळाचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि दाब रोज सारखा नसतो. मशीन थेट नळाला लावू नका. पाणी मध्येच गेलं की पंप कोरडा फिरतो, आणि कोरडा पंप फार वेळ टिकत नाही. बॅरल किंवा मोठी बादली भरून त्यातून ओढणारं, म्हणजे सेल्फ प्रायमिंग मशीन घ्या. ओढायचा पाईप आधी पाण्यात बुडवून पूर्ण भरा, मग जोडा. सुरू केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात धार आली नाही तर बंद करा. पाईपात हवा आहे.

गच्चीवरच्या टाकीला जोडणार असाल तर उन्हाळ्यात वेळ सांभाळा. बहुतेक घरगुती मशीनच्या माहितीपुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी दोनला काळ्या टाकीच्या नळाखाली हात धरून बघा. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर धुवा. गाडीच्या रंगालाही तीच वेळ सोसते. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो.

प्रेशर वॉशरनं पाणी वाचतं असं जाहिरातीत म्हणतात. उघड्या पाईपशी तुलना केली तर खरं आहे: मिनिटाला १५ लिटर सोडणारा पाईप वीस मिनिटांत ३०० लिटर घालवतो, तर मशीन मिनिटाला ६ लिटरप्रमाणे पंधरा मिनिटांत ९० लिटर. पण बादली-फडक्यानं धुतलं तर ५०-६० लिटरमध्ये काम होतं. जत, आटपाडी, माण, खटाव भागात मार्च ते जूनमध्ये टँकरवर दिवस काढायचे असतील तर मशीन कपाटात ठेवा आणि बादली काढा. दुष्काळात पाण्याची किंमत कळते: २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं.

बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दोन त्रास. एक, गाडी वाळताना काचेवर आणि बोनेटवर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून वाऱ्यावर वाळू न देता लगेच मायक्रोफायबरनं पुसा. दोन, नॉझलच्या भोकात क्षार बसतो आणि धार फाटते. बरोबर आलेल्या पिनेनं भोक साफ करा, तरी न जमल्यास नॉझल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. शेवटचं विसळणं साठवलेल्या नळाच्या पाण्यानं केलं तर ठिपके कमी.

बागेचा पंप वापरू नका

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात हा प्रश्न हटकून येतो: घरात द्राक्षबागेचा फवारणीचा एचटीपी पंप आहे, त्यानंच गाडी धुतली तर? पैसे वाचतात, पंप दमदार आहे, मुलं ट्रॅक्टर त्यानंच धुतात. ट्रॅक्टरची चाकं धुवा हवी तर. कार आणि माणूस या दोन्हींसाठी तो पंप योग्य नाही. टाकी आणि पाईपात बोर्डो मिश्रणाचा, गंधकाचा, बुरशीनाशकांचा अंश राहतो. दोन पाणी मारून टाकी स्वच्छ झाली असं वाटतं, पण पाईपच्या आतल्या रबरात औषध मुरलेलं असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाईड तर कातडीला लागलं तरी त्रास देतं, आणि त्या दिवशी दारू घेतली तर प्रकृती गंभीर बिघडू शकते. तुम्ही ते पाणी गाडीच्या दाराच्या कडीवर मारणार आणि त्याच कडीला पोरं हात लावणार. शिवाय फवारणीच्या गनला कारला हवी तशी रुंद पंख्याची धार नसते, आणि निळसर डाग काचेवरून लवकर जात नाहीत. ज्या पंपातून औषध गेलं त्याचं काम बागेतच.

धुण्याची रीत

घाटातून उतरून आल्या आल्या गाडी धुवायला घेऊ नका. पसरणी, यवतेश्वर, खंबाटकी, कुठलाही घाट असो, ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात. गार पाण्याची धार बसली की डिस्क वाकडी होऊ शकते, मग ब्रेक दाबला की पायाखाली थरथर जाणवते. अर्धा तास थांबा. चहा घ्या.

काचा लावा, पेट्रोलचं झाकण बघा, वायपर बंद. मशीन कोरड्या आणि थोड्या उंच जागी ठेवा. वायरचा जोड जमिनीवर नाही, प्लॅस्टिकच्या स्टुलावर किंवा खिळ्याला टांगून. पायात चप्पल नको. गमबूट असले तर उत्तम, नाहीतर बंद बूट. डोळ्याला चष्मा किंवा गॉगल, कारण चाकातला खडा उलटा तोंडावर येतो. मूल, कुत्रं, पाहुणा, सगळे दहा फूट लांब.

क्रम असा. पाणी चालू करा, ट्रिगर दाबून धार सलग होईपर्यंत हवा जाऊ द्या, मग स्विच. पहिल्यांदा चाकं आणि मडगार्डच्या आतली बाजू. कास-महाबळेश्वरकडून आलेल्या गाडीच्या चाकात जांभ्याची तांबडी माती, सांगलीकडच्या गाडीला काळी चिकट माती. काळी माती वाळली की दगड होते. तिच्यावर आधी साधं पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या. धार जवळ नेऊन खरवडायचा मोह आवरा. मग छतापासून खाली साधं पाणी, मग फोम. फोम पाच मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, पुन्हा पाणी. एवढ्यावर गाडी स्वच्छ दिसते, पण बोट फिरवलं तर पातळ थर लागतो. त्यासाठी दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात पिळून मग शाम्पूत. खालची पट्टी, म्हणजे दाराच्या तळाची, सगळ्यात शेवटी, कारण वाळू तिथंच असते. पाणी मारा, पुसा. सगळं मिळून पाऊण तास. सामान मांडणं-आवरणं धरून एक तास.

नॉझलचे रंग पाठ करा. लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार. ती काढून घरातल्या लॉकरमध्ये ठेवली तरी चालेल, गाडीला लावायची नाही. पिवळी १५ अंश, अंगणातली फरशी. हिरवी २५ आणि पांढरी ४० अंश, या दोनच कारच्या. काळी साबणाची. गोल फिरणारी टर्बो नॉझल शेवाळलेल्या भिंतीसाठी आहे. काही मशीनला सुट्या नॉझलऐवजी फिरवून धार रुंद-अरुंद करायची सोय असते. ती पूर्ण रुंदवर ठेवा आणि गाडीकडे रोखण्याआधी जमिनीवर मारून बघा.

अंतर: पत्र्यापासून दोन फूट, चाकापासून दीड फूट. सुरुवात चार फुटांवरून करा आणि हळूहळू जवळ या. एका जागी थांबू नका, गन सतत हलती ठेवा, धार तिरपी. टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हवर अगदी जवळून धार कधीच नाही. टायरचा रंग बदललेला दिसला तर इजेची पहिली खूण समजा.

महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीचं बोनेट उन्हात तिरकं उभं राहून बघा. पुढच्या कडेला तांदळाएवढे पांढरे टिपके दिसतील. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीचे. प्रत्येक टिपक्याच्या कडेला रंग थोडा उचललेला असतो. धार त्याच्याखाली शिरली की नखाएवढा रंगाचा पापुद्रा उडतो आणि पत्रा उघडा पडतो. बंपर परत रंगवलेला असेल तर आणखी जपा, तो रंग कारखान्यातल्याइतका घट्ट नसतो. डेंटिंग-पेंटिंग करून महिना झाला नसेल तर प्रेशर नकोच.

धार कुठं मारायची नाही: बोनेट उघडून इंजिनवर नाही. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, सेन्सरचे जोड हे पावसाचे शिंतोडे सोसतात, ८० बार नाही. रेडिएटर आणि एसीच्या जाळीवर नाही, पत्र्या दुमडतात. दाराच्या रबरात, सनरूफच्या कडेला, पार्किंग सेन्सरवर, मागच्या कॅमेऱ्यावर, नंबरप्लेटवर आणि स्टिकरच्या कडेवर जवळून नाही. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंगचं झाकण बंद आहे ना ते बघा, आणि चार्जिंग चालू असताना धुणं नाही. दुचाकीची चेन, चाकाचे बेअरिंग, हँडलवरची बटणं, सायलेन्सरचं तोंड सांभाळा. धार बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढते. तेव्हा कळत नाही, दोन महिन्यांनी चाक आवाज करतं.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा वेगळा विषय. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हाचा गाळ ज्यांनी काढला त्यांना माहीत आहे. गाळ ओला असतानाच साध्या पाईपनं सोडवा, प्रेशर नको, आणि इंजिन अजिबात सुरू करू नका. आधी फोटो, मग विमा कंपनीला फोन, मग टोइंग. पाणी गेलेलं इंजिन सुरू करून झालेलं नुकसान इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर नसेल तर सहसा मिळत नाही.

काम संपलं की स्विच बंद, पाणी बंद, ट्रिगर दाबून आतला दाब सोडा, गनचं लॉक लावा, मगच पाईप काढा. दाब न सोडता पाईप काढला तर कपलिंग तोंडावर येतं.

हात कापला गेला तर

गन चालते का बघायला बोट धारेसमोर धरणारे लोक आहेत. बूट कसा साफ होतो ते बघायला पायावर मारणारेही आहेत. या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते, आणि पाण्याबरोबर शाम्पू, माती, ग्रीस आत नेते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, दुखणं पहिल्या तासात किरकोळ. फसवणूक इथंच होते. आतून सूज चढते, संसर्ग होतो, आणि उशीर झाला तर बोट काढावं लागतं.

हळद लावून वाट बघू नका. अंगठी, घड्याळ काढा, हात उंच धरा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा: साताऱ्यात जिल्हा रुग्णालय, सांगलीत सिव्हिल, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कराडात कृष्णा हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८. केसपेपर काढतानाच ‘हाय प्रेशर इंजेक्शन इंजुरी’ असे शब्द सांगा, मशीन किती बारचं आणि पाण्यात काय मिसळलं होतं तेही. शाम्पूच्या बाटलीचा फोटो बरोबर न्या. ‘किरकोळ जखम’ म्हणून टीटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील तर शल्यचिकित्सकांना दाखवायचा आग्रह धरा.

शॉक लागला तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. म्हणूनच एकट्यानं धुऊ नका. स्विच कुठं आहे हे माहीत असलेलं एक माणूस घरात हवं.

वॉशिंग सेंटरला जाताना

साधारण दर: छोटी कार ३०० ते ४००, सेडान ३५० ते ४५०, मोठी गाडी ५०० ते ७००, दुचाकी ८० ते १५०. वेळ पाऊण ते दीड तास. रविवारी सकाळी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि लग्नसराईत नंबर लागतो. मंगळवार-बुधवारी दुपारी जा, काम निवांत होतं.

बोर्डावरचा दर आणि बिलावरचा दर यात फरक पडतो तो असा. ‘चिखल जास्त आहे’ म्हणून शंभर. रॅम्पवर घेऊन खालून धुणं वेगळं. आतून व्हॅक्यूम वेगळं. डॅशबोर्ड आणि टायर पॉलिश न विचारता मारतात, मग बिलात येतं. गाडी आत जाण्याआधी एकच वाक्य बोला: “वरून, खालून आणि व्हॅक्यूम, सगळं मिळून किती?” आकडा व्हॉट्सॲपवर मागून घ्या. बिलात १८ टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर कर मागायचा हक्क नाही.

खालून डिझेल मारून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणा. शंभर-दोनशे रुपये देऊन गाडी दोन दिवस चमकते, नंतर धूळ चिकटते आणि रबराचे बुश फुगतात. इंजिन वॉशलाही नको. ‘अंडरबॉडी कोटिंग’ हजारोंच्या घरात जातं. तिथल्या तिथं हो म्हणायचं काम नाही, आणि धुऊन लगेच ओल्या पत्र्यावर ते मारत असतील तर ओल आतच कोंडते.

त्यांच्या मशीनचा दाब घरच्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि तीच गन उसाच्या ट्रॅक्टरवर चालून आलेली असते. पोऱ्याला स्पष्ट सांगा: गन दोन फूट लांब धर, बंपर रंगवलेला आहे. पुसायचं फडकं बघा. आधीच्या गाडीची वाळू त्यात असेल तर तुमच्या रंगावर गोल ओरखडे उमटतात आणि ते उन्हातच दिसतात. स्वतःची दोन कापडं घेऊन गेलात तर कोणी हसत नाही. गाडी देताना चारही बाजूंचे फोटो आणि किलोमीटरचा आकडा टिपून घ्या. पैसे, चष्मा, आरसीची मूळ प्रत गाडीत ठेवू नका.

नदीत गाडी उतरवून धुणं सोडा. तेल आणि साबण कृष्णेत जातो, आणि तेच पाणी पुढं कुणाच्या तरी टाकीत येतं.

बिल, वॉरंटी, तक्रार

मशीन साताऱ्याच्या पोवई नाक्यावर घ्या, सांगलीच्या गणपती पेठेत घ्या वा ऑनलाइन, पैसे देण्याआधी आपला पिनकोड सांगून विचारा की सर्व्हिस सेंटर कुठं आहे. उत्तर पुणे किंवा कोल्हापूर असं आलं तर मशीन नेणं-आणणं कोण करणार आणि भाडं कोणाचं, ते लेखी घ्या. आठ-दहा किलोचं मशीन कुरिअरनं पाठवायचं म्हणजे एका बाजूचेच तीन-चारशे रुपये. सुटे भाग, म्हणजे गन, पाईप, ओ-रिंग आणि कार्बन ब्रश, मिळतात का तेही विचारा. बऱ्याच स्वस्त नावांची मशीन एकाच साच्यातली असतात, तरी एकाची गन दुसऱ्याला बसेलच असं नाही.

बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी द्यायचा नाही. खोकं वॉरंटी संपेपर्यंत ठेवा, परत पाठवताना लागतं. दुकानातच पाणी जोडून चालवून दाखवा म्हणा; चांगला दुकानदार बादली आणतो. ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडताना मोबाईलवर सलग चित्रीकरण करा आणि परत करायची मुदत संपायच्या आत दोनदा तरी चालवून बघा.

मशीन बिघडलं, दुकानदार टोलवतोय, किंवा सेंटरवाल्यानं रंग उडवून हात वर केले, तर पहिल्याच दिवशी फोटो काढा आणि लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, पण त्याबरोबर ईमेल किंवा रजिस्टर पत्र हवंच. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. अशी बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर साताऱ्यात किंवा सांगलीत आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. लागणारे कागद: बिल, वॉरंटी कार्ड, पाठवलेली नोटीस आणि तिची पोच, फोटो, ओळखपत्र. रंग उडाल्याची तक्रार असेल तर गॅरेजकडून रंगाच्या खर्चाचं लेखी अंदाजपत्रक. मुदत दोन वर्षांची, पण थर्मल कागदावरचं बिल सहा महिन्यांत कोरं होतं. आजच त्याची झेरॉक्स काढा.